तेराशे तास

फ्रेंच इमर्शनच्या वर्गात गेलेलं मूल पहिलं पूर्ण वाक्य कोणतं शिकतं, हे कॅनडातल्या कुठल्याही इमर्शन शिक्षिकेला विचारा. उत्तर बहुधा एकच येईल: "एस्क झ पो आले ओ त्वालेत?" मी शौचालयात जाऊ का? वर्गाच्या दाराशी हे वाक्य चित्रासकट चिकटवलेलं असतं. सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात मूल नुसतं चित्राकडे बोट दाखवतं. मग "त्वालेत" एवढा एकच शब्द येतो. बाई पूर्ण वाक्य म्हणतात, मूल त्यांच्यामागून म्हणतं, आणि रोजच्या गरजेपोटी महिनाभरात ते तोंडात बसतं. त्यातलं "पो" कुठल्या क्रियापदाचं रूप आहे याचा त्याला पत्ताही नसतो. पण काही आठवड्यांनी तेच मूल त्या वाक्याचं शेपूट काढून दुसरं जोडतं: मी पाणी पिऊ का, मी तिच्याशेजारी बसू का, मी लाल खडू घेऊ का. व्याकरणाचा एक शब्द न शिकवता एक वाक्यरचना त्याच्या मालकीची झालेली असते.

असं घडायला मुलाचं वय लहान लागतं आणि हाताशी भरपूर वेळ लागतो. कॅनडातल्या न्यू ब्रन्सविक प्रांताच्या सरकारने पंधरा वर्षांत दोनदा कात्री लावायला घेतली ती नेमकी इथेच, या अगदी पहिल्या वेळेला.

आपल्याकडे इमर्शन हा शब्द फारसा रुळलेला नाही, म्हणून थोडं आधी त्याबद्दल. वेळापत्रकात फ्रेंचचा एक तास असणं म्हणजे इमर्शन नव्हे. त्याला तिथे कोअर फ्रेंच म्हणतात. इमर्शनमध्ये गणित, परिसर, चित्रकला, खेळ, डबा खाण्याची वेळ, दप्तर भरण्याची सूचना, सगळं फ्रेंचमधून चालतं. मुलं मात्र इंग्रजी बोलणाऱ्या घरांतली असतात, आणि सगळीच्या सगळी शून्यापासून सुरुवात करतात. शिक्षिकेला, म्हणजे मुलांच्या भाषेत "मादाम"ला, दोन्ही भाषा येतात. सुरुवातीचे काही महिने मूल तिच्याशी इंग्रजीत बोललं तरी चालतं. मादामला ते कळतं, पण उत्तर ती फ्रेंचमध्येच देते. या एका नियमावर सगळा डोलारा उभा असतो. मुलाची अडचण ऐकून घेतली जाते, त्याला कुणी गप्प बसवत नाही, तरीही दिवसभर कानावर पडते ती फ्रेंचच.

मादामचं काम बाहेरून सोपं दिसतं, पण ते तसं नसतं. रोज सकाळी त्याच क्रमाने त्याच गोष्टी: आज कोणता वार, काल कोणता होता, उद्या कोणता असेल, बाहेर हवा कशी आहे. "इल फे फ्र्वा", थंडी आहे, हे वाक्य न्यू ब्रन्सविकच्या राजधानीत, फ्रेडरिक्टनमध्ये, हिवाळ्यात रोजच खरं ठरतं. बोलण्याबरोबर हातवारे, चित्रं, गाणी. नवा शब्द आला की तो एकटा येत नाही, आधीपासून ठाऊक असलेल्या चौकटीत येतो. मुलाने चुकीचं म्हटलं तर "चूक" असं न म्हणता तेच वाक्य दुरुस्त करून परत म्हटलं जातं, आपल्याकडे आजी "मी गेली" म्हणणाऱ्या नातवाला "गेलास होय? कुठे गेलास?" असं विचारते, तसंच. समज आधी येते, बोलणं मागून येतं. डिसेंबरपर्यंत वर्गातल्या सूचना जवळपास सगळ्यांना कळतात. स्वतःहून फ्रेंच बोलायला काहींना पहिलीचं सबंध वर्ष जातं. हे ठाऊक नसलेले पालक नाताळच्या सुट्टीत "आमचा काहीच बोलत नाही हो" म्हणून घाबरतात. मुलाच्या डोक्यात तोवर पुष्कळ साठलेलं असतं.

ही पद्धत सरकारी कचेरीतून आलेली नाही. मॉन्ट्रियलच्या नदीपल्याडच्या सेंट लॅम्बर्ट या उपनगरातल्या इंग्रजीभाषक पालकांनी ती मागून घेतली. १९६०च्या दशकात क्वेबेकमध्ये फ्रेंच भाषा कामाच्या, दुकानाच्या, कचेरीच्या जागी आपला हक्क सांगू लागली होती, आणि शाळेत वर्षानुवर्षं फ्रेंचचा तास होऊनही इंग्रजी घरातली मुलं शेजाऱ्याशी चार वाक्यं बोलू शकत नव्हती. पालकांनी १९६३ मध्ये गट बांधला. मॅकगिल विद्यापीठातले मेंदूतज्ज्ञ वाइल्डर पेनफील्ड आणि मानसशास्त्रज्ञ वॉलेस लॅम्बर्ट यांचा सल्ला घेतला, शाळा मंडळाच्या मागे लागले, आणि सप्टेंबर १९६५ मध्ये बालवर्गाची पहिली प्रायोगिक तुकडी सुरू झाली. लॅम्बर्ट आणि त्यांचे सहकारी त्या मुलांना वर्षामागून वर्ष तपासत राहिले. इंग्रजीचं वाचन सुरुवातीला मागे पडलं आणि इंग्रजीचे तास सुरू झाल्यावर भरून निघालं. गणित बिघडलं नाही. फ्रेंच मात्र कुठल्याही तासिका पद्धतीने कधी आली नव्हती इतकी आली. आज कॅनडाभर चार लाखांहून जास्त मुलं फ्रेंच इमर्शनमध्ये आहेत.

न्यू ब्रन्सविकला याची गरज इतर प्रांतांपेक्षा जास्त आहे. अधिकृतरीत्या द्विभाषिक असलेला कॅनडातला हा एकमेव प्रांत. इथला राजभाषा कायदा १९६९चा. लोकसंख्येचा सुमारे तिसरा हिस्सा फ्रेंचभाषक आहे. शाळांच्या मात्र दोन वेगळ्या व्यवस्था आहेत, एक इंग्रजी आणि एक फ्रेंच. फ्रेंचभाषक कुटुंबांना आपल्या भाषेतल्या शाळेचा हक्क कॅनडाच्या हक्कांच्या सनदेतल्या २३व्या कलमाने दिलेला आहे. इंग्रजी घरातल्या मुलाला इमर्शन मिळावं असा हक्क कुठेही लिहिलेला नाही. तो शिक्षण खात्याचा एक कार्यक्रम आहे. हक्क काढून घ्यायचा तर न्यायालयात टिकावं लागतं, कार्यक्रम बंद करायला मंत्र्याची सही पुरते. पुढचं सगळं रामायण या एका फरकातून घडलं.

फेब्रुवारी २००८च्या अखेरीस जेम्स क्रॉल आणि पॅट्रिशिया ली या दोन आयुक्तांचा फ्रेंच शिकवण्याबद्दलचा अहवाल आला. जेमतेम दोन आठवड्यांत, मार्चच्या मध्यावर, शिक्षणमंत्री केली लॅमरॉक यांनी निर्णय जाहीर केला: पहिलीपासूनचं इमर्शन बंद, चौथीपर्यंतचा कोअर फ्रेंचचा तासही बंद. पाचवीत सगळ्या मुलांना सघन फ्रेंच, म्हणजे अर्धं वर्ष दिवसाचा मोठा भाग फ्रेंचला. ज्यांना पुढे जायचं त्यांच्यासाठी सहावीपासून उशिराचं इमर्शन.

यात नेमकं काय कापलं गेलं, ते तासांत मांडून पाहू. पहिली-दुसरीचा शिकवण्याचा दिवस चार तासांचा धरू आणि शाळेचे दिवस १८०. वर्षाचे झाले ७२० तास. त्यातला नऊ दशांश वेळ फ्रेंचमध्ये जात असेल तर साधारण ६५० तास. दोन वर्षांचे तेराशे. आता ओंटारियो प्रांत पाहा. तिथे कोअर फ्रेंचच्या मुलाला चौथी ते आठवी या पाच वर्षांत मिळून ६०० तास मिळावेत असा नियम आहे, म्हणजे रोज ४० मिनिटं. इमर्शनसाठी आठवीअखेर किमान ३८०० तास. पहिली-दुसरीची दोनच वर्षं गेली, असं म्हणताना तेवढ्यात ओंटारियोच्या कोअर फ्रेंचच्या मुलाला पाच वर्षांत मिळतात त्याच्या दुप्पट तास गेलेले असतात. मंत्री म्हणतात की पाचवीत भरून काढू. पाचवीत अर्ध्या वर्षाचे दिवस ९०. रोज साडेतीन तास फ्रेंच दिलं तरी ३१५ तास होतात. बेरीज जुळत नाही, आणि ती जुळत नाही हे सांगायला भाषाशास्त्रज्ञ लागत नाही.

तासांइतकाच वयाचाही प्रश्न आहे, पण इथे प्रामाणिक राहायला हवं. लहान वय म्हणजे जादू आणि बारा वर्षांनंतर दार बंद, असं संशोधन सांगत नाही. अकरा-बारा वर्षांची मुलं व्याकरण आणि वाचन लहानांपेक्षा भराभर उचलतात, आणि मॉन्ट्रियलमध्ये उशिरा इमर्शनला आलेल्या मुलांनी काही कसोट्यांवर लवकर आलेल्यांना गाठल्याचंही दिसलं आहे. लवकरच्या इमर्शनची खरी ताकद कान, बोलण्यातली सहजता आणि न घाबरणं ही आहे. "तू" आणि "सगळं" यांसाठीच्या फ्रेंच शब्दांत फरक एका स्वराचा: एकात ओठांचा चंबू करून जीभ पुढे, दुसऱ्यात साधा "ऊ". सहा वर्षांचं मूल चुकायची लाज न बाळगता हा फरक दिवसभर तोंडात घोळवतं. बारा वर्षांच्या मुलाला शेजारच्या बाकावरचा हसेल याची धास्ती असते.

त्याहून मोठं कारण वेगळं आहे, आणि लवकरचं इमर्शन वाचवण्यामागचा माझ्या मते सगळ्यात भक्कम मुद्दा तोच आहे. पहिलीत कुणालाच फ्रेंच येत नाही आणि कुणालाच वाचता येत नाही. हुशार, मंद, वकिलाचं मूल, मासेमाराचं मूल, सगळी एका रेषेवर उभी असतात. सहावीत विज्ञानाचं पुस्तक जाड झालेलं असतं. ते एकदम परक्या भाषेत घ्यायची हिंमत ज्याचं वाचन पक्कं आहे तोच करतो. दार जितकं उशिरा उघडाल तितकी त्यातून फक्त चांगले गुण मिळवणारी मुलं आत जातील.

आणि सरकारची तक्रार तर नेमकी याबद्दलच होती! क्रॉल-ली अहवालाचा मुख्य आक्षेप असा की इमर्शनने शाळा दोन भागांत फाटते. पालक चौकस, घरात पुस्तकं, अशी मुलं इमर्शनमध्ये जातात. शिकण्यात अडचण असलेली, वागणुकीचा त्रास असलेली, हातावर पोट असलेल्या घरांतली मुलं इंग्रजी वर्गात गोळा होतात. एका शिक्षिकेच्या वर्गात अर्ध्याहून अधिक मुलांना वेगळी मदत लागत असेल तर ती कुणाकुणाकडे पाहणार? ही तक्रार खोटी नव्हती. न्यू ब्रन्सविकच्या कुठल्याही इंग्रजी शाळेतल्या दुसरीच्या बाईंना विचारा. इमर्शनच्या बाजूने बोलणाऱ्यांनी ती उडवून लावली तिथे त्यांची चूक झाली, असं मला वाटतं.

पण ही फाटाफूट होते कशी, ते जवळून पाहायला हवं. इमर्शनमधल्या एखाद्या मुलाला दुसरीत वाचायला जड जातं. इंग्रजी वर्गात असतं तर त्याला शाळेच्या मदतनीस शिक्षिकेकडे दिवसातून अर्धा तास पाठवलं असतं. इमर्शनमध्ये ती मदत फ्रेंचमधून देणारं कुणी नसतं, कारण खात्याने ते पद भरलेलंच नसतं. मग पालकांना बोलावून समजुतीच्या सुरात सांगितलं जातं की याला इंग्रजीत टाकलेलं बरं. पालक मान डोलावतात. मूल वर्ग बदलतं, आणि त्याची वाचनाची अडचण त्याच्याबरोबर नव्या वर्गात जाते, कारण ती फ्रेंचची नव्हतीच. मॅकगिलचे फ्रेड जेनेसी यांनी हा विषय वर्षानुवर्षं तपासला. अभ्यासात मागे असलेली मुलं इमर्शनमध्ये तशाच कुवतीच्या इंग्रजी वर्गातल्या मुलांपेक्षा जास्त मागे पडत नाहीत, आणि वर फ्रेंच मिळवतात. वाचन अडणार आहे का याचा अंदाज बालवर्गातच, मुलाच्या इंग्रजीतून घेता येतो. शब्दातले आवाज सुटे करता येतात का, यमक ओळखता येतं का, अक्षराचा आवाज झटकन आठवतो का, हे तपासलं की झालं. त्यासाठी फ्रेंच यायची वाट पाहावी लागत नाही.

म्हणजे उपाय होता तो मदतनीस शिक्षिकेच्या पदात, बालवर्गातल्या चाचणीत, गावाकडच्या शाळेतून इमर्शनच्या शाळेपर्यंतच्या बसमध्ये. त्यात वर्षाला पैसे जातात आणि माणसं शोधावी लागतात. कार्यक्रम बंद करणं त्याहून स्वस्त पडतं. सुकाणू दुरुस्त करायला वेळ नाही म्हणून बोट फोडायची, तसं हे झालं.

पालक न्यायालयात गेले. जून २००८ मध्ये न्यायालयाने मंत्र्यांचा निर्णय रद्द केला. इमर्शन चांगलं की वाईट यात न्यायाधीश शिरले नाहीत. लोकांना म्हणणं मांडायला पुरेशी संधी न देता निर्णय घेतला गेला, तो अन्यायकारक आणि अवाजवी आहे, एवढंच त्यांनी म्हटलं. मंत्र्यांना उन्हाळाभर लोकांचं ऐकावं लागलं, आणि ऑगस्टमध्ये नवा निर्णय आला: इमर्शन राहील, पण पहिलीऐवजी तिसरीपासून. दोन्ही बाजूंनी पुढे टाकलेलं एक पाऊल म्हणून त्याचं तेव्हा कौतुकही झालं. मुलांच्या पदरात मात्र त्या तेराशे तासांची वजाबाकीच पडली. सप्टेंबर २००८ ते सप्टेंबर २०१६ अशा नऊ तुकड्या पहिलीचं दार बंद असताना शाळेत आल्या. ब्रायन गॅलंट यांच्या सरकारने २०१७ मध्ये पहिलीपासूनचा प्रवेश परत सुरू केला.

परत सुरू करणं बोलायला सोपं आहे. पहिलीचा इमर्शन वर्ग बंद झाला की मादाम वरच्या वर्गाकडे वळते किंवा प्रांत सोडते. पहिलीच्या वाचनाची छोटी पुस्तकं, एका पानावर चार शब्द आणि एक चित्र असलेली, खोक्यांत जातात किंवा वाटली जातात. सहा वर्षांच्या मुलाला परक्या भाषेत वाचायला शिकवणं हे वेगळं कसब आहे. नुसतं फ्रेंच येणं त्याला पुरत नाही, आणि नुसता पहिलीचा अनुभवही पुरत नाही. फ्रेंचमध्ये तीन अक्षरं मिळून एकटाच "ओ" होतो, शेवटची व्यंजनं लिहितात पण बोलत नाहीत. हे कोणत्या क्रमाने आणायचं ते अनुभवानेच कळतं. शिक्षिका घाईने भरल्या आणि त्यांचं फ्रेंच डळमळीत असलं की दुपारच्या वेळेला वर्ग हळूच इंग्रजीवर येतो. वेळापत्रकात इमर्शन, प्रत्यक्षात अर्धं. मग पाच वर्षांनी कुणीतरी निकाल पाहून म्हणतं की इमर्शन चालत नाही.

झालंही तसंच. ब्लेन हिग्ज यांच्या सरकारसाठी इव्हेट फिन आणि जॉन मॅक्लॉफ्लिन यांनी २०२२ मध्ये इमर्शन बदलण्याची शिफारस करणारा अहवाल दिला. बदल घाईने लादला जातोय ही तक्रार आपल्या राजीनामापत्रात इतर तक्रारींबरोबर मांडून शिक्षणमंत्री डॉमिनिक कार्डी ऑक्टोबरमध्ये बाहेर पडले. नवे मंत्री बिल होगन यांनी डिसेंबरमध्ये आराखडा मांडला: सप्टेंबर २०२३ पासून नव्या मुलांसाठी इमर्शन नाही, त्याऐवजी इंग्रजी शाळेतल्या प्रत्येक लहान मुलाला अर्धा दिवस फ्रेंच, अर्धा दिवस इंग्रजी. वाचन-लेखन आणि गणित इंग्रजीच्या अर्ध्यात.

"सगळ्यांना फ्रेंच" हे ऐकायला न्याय्य वाटतं, आणि हेतूवर शंका घ्यायचं कारण नाही. पण ज्या भाषेत मूल वाचत नाही ती भाषा खेळण्याच्या पातळीवर राहते. रंग, प्राणी, हवा, गाणी इथवर ती येते. तिसरीनंतर शब्दसंपत्ती वाढते ती पुस्तकांतून. शिवाय इमर्शनला शिक्षिका पुरत नाहीत म्हणणाऱ्या खात्याने आता प्रत्येक वर्गाला फ्रेंच येणारी शिक्षिका लागेल अशी योजना मांडली, त्या कुठून आणणार याचं पटणारं उत्तर न देता. जानेवारी २०२३ मध्ये जाहीर बैठका झाल्या. शेकडो पालक आणि शिक्षक आले आणि एकामागून एक विरोधात बोलले. फेब्रुवारीत आराखडा मागे घेण्यात आला.

मराठी वाचकाच्या मनात एव्हाना एक प्रश्न आला असेल: मग आपल्या इंग्रजी माध्यमाच्या शाळाही इमर्शनच की? नाही, आणि हा फरक लक्षात घेतला नाही तर या सगळ्याचा भलताच अर्थ निघेल. सेंट लॅम्बर्टच्या मुलाची घरची भाषा इंग्रजी होती, सगळ्या खंडाची भाषा. रस्त्यावर, टीव्हीवर, दुकानात तीच. ती पुसली जाण्याचा धोका शून्य, आणि शाळा ती दुसरी-तिसरीत रीतसर शिकवायला घेतेच. लॅम्बर्ट यांनीच यासाठी दोन शब्द दिले: बेरजेची द्विभाषिकता आणि वजाबाकीची. सोलापूरच्या किंवा परभणीच्या मुलाला इंग्रजी माध्यमात घालतो, तेव्हा त्याची भाषा समाजात इंग्रजीच्या खालच्या पायरीवर धरलेली असते, वर्गात ती बोलली तर अनेक ठिकाणी ओरडा बसतो, आणि बाईंचं स्वतःचं इंग्रजीही पुष्कळदा कच्चं असतं. ती वजाबाकी. रचनेच्या जवळ जायचं तर आपलं सेमी-इंग्रजी जास्त जवळचं: गणित-विज्ञान इंग्रजीतून, बाकी मराठीतून, आणि घरची भाषा शाळेत मानाने बसलेली.

२०२५च्या एप्रिलमध्ये महाराष्ट्रात पहिलीपासून हिंदी तिसरी भाषा म्हणून आणायचा शासन निर्णय निघाला, जूनमध्ये बदलला आणि जूनअखेर दोन्ही निर्णय मागे घेतले गेले. तिथे विरोध वाढवण्याला होता, न्यू ब्रन्सविकात कापण्याला. दोन्हीकडे आधी निर्णय झाला आणि लोकांचं ऐकणं त्यानंतर आलं. आणि पहिलीत आठवड्याला काही तासिका हा प्रकार तर असा की त्याने भाषाही येत नाही आणि मुलाचा वेळही जातो. लहान वयात दुसरी भाषा द्यायची तर दिवसाचा मोठा भाग, तयार शिक्षिका आणि घरच्या भाषेला धक्का नाही, या तीन गोष्टी एकदम लागतात.

कॅनडात राहणाऱ्या मराठी घरांना हा प्रश्न थेट भिडतो. मूल घरी मराठी बोलतं, पाळणाघरात इंग्रजी, आणि आता फ्रेंच? नव्याने आलेल्या कुटुंबांना बऱ्याच शाळांत सांगितलं जायचं की आधी इंग्रजी पक्कं होऊ द्या. याला आधार नाही. ज्याच्या घरी तिसरीच भाषा आहे ती मुलं इमर्शनमध्ये चांगली टिकतात. मदत करायच्या ओढीने घरात मराठी सोडून इंग्रजी बोलायला लागू नका. संध्याकाळी मुलाला विचारा की आज मादामने काय सांगितलं, ते मराठीत सांग. फुलपाखराची गोष्ट फ्रेंचमध्ये ऐकून मराठीत सांगताना मूल जे काम करतं ते कुठल्याही गृहपाठापेक्षा मोठं आहे. झोपताना मराठी पुस्तक मोठ्याने वाचा. एका भाषेत गोष्टीला सुरुवात-मध्य-शेवट असतो हे कळलं की ते दुसऱ्या भाषेत वेगळं शिकावं लागत नाही.

काही चुका दिसतील, त्यांना घाबरू नका. "मी सहा वर्षांचा आहे" हे फ्रेंचमध्ये "माझ्याजवळ सहा वर्षं आहेत" असं म्हणतात, "झे सी-झाँ". इमर्शनचं मूल इंग्रजीच्या वळणाने "झ स्वी सी-झाँ" म्हणतं, आणि कधीकधी तिसरीपर्यंत म्हणत राहतं. दुसरी चूक मराठी आईला जास्त खटकेल: मूल मोठ्या माणसालाही "तू" म्हणतं. वर्गात मादाम एका मुलाला "तू" म्हणते आणि सगळ्या वर्गाला "व्हू", म्हणजे तुम्ही. आदरार्थी "व्हू" त्याच्या कानावर जवळजवळ पडतच नाही, म्हणून मूल समजतं की "व्हू" म्हणजे फक्त पुष्कळ जण. ज्याला अहो-जाहो घरात ठाऊक आहे त्याला हे दोन मिनिटांत समजावता येतं, तेही मराठीतून. इंग्रजी वाचनातही एक टप्पा येतो. इंग्रजीत ज्या चार अक्षरांचं "पेन", म्हणजे दुखणं, होतं, तीच अक्षरं फ्रेंचमध्ये "पँ" आणि अर्थ पाव. दुसरीतलं मूल इंग्रजी गोष्टीत राजकन्येला पाव झाला असं वाचतं. इंग्रजीचे तास सुरू झाल्यावर वर्षभरात हे मिटतं. मात्र कोणत्याच भाषेत शब्दातले आवाज सुटे करता येत नसतील तर थांबू नका. मदत मागा, आणि ती मदत इमर्शनमध्येच मागा.

कात्री पुन्हा आलीच, कुठल्याही प्रांतात, तर सभेत "आमच्या मुलांचं भविष्य" म्हणून फार उपयोग होत नाही. आकडे मागा. पहिलीत किती मुलं आली, पाचवीत किती उरली, आठवीत किती, बारावीत किती. आणि गेलेली का गेली याची नोंद ठेवली आहे का. बारावीच्या तोंडी परीक्षेचा निकाल सांगताना भागिले कशाने केलंय ते विचारा, कारण सगळ्या इंग्रजी शाळांची मुलं एकत्र धरली तर इमर्शनचा निकाल कसाही वाईट दाखवता येतो. फ्रेंचमधून मदत देणाऱ्या शिक्षिकांची पदं मंजूर किती आणि भरलेली किती. नव्या योजनेत दर इयत्तेला फ्रेंचचे तास किती, वर्षाचे, आठवड्याचे नाही. वाचायला कोणत्या भाषेत शिकवणार. शिक्षिका कुठून आणि कधीपर्यंत. हे प्रश्न लेखी द्या आणि पोच घ्या. अहवाल कोणत्या तारखेला आला, अभिप्रायाची मुदत किती जाहीर झाली, निर्णय कोणत्या दिवशी झाला, ही पत्रकं तारखेसकट फाईलला लावून ठेवा. २००८च्या जूनमध्ये न्यायाधीशांनी जो प्रश्न तपासला तो इमर्शनच्या गुणदोषांचा नव्हता. लोकांना बोलायला किती वेळ दिला, हा तो प्रश्न होता.